शेऱ्याच्या रकान्यातले शब्द

ताई, तू मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी गेलीस. येत्या मंगळवारी त्याला सात आठवडे होतील. सरावलीच्या अंगणवाडीत तेव्हा मुलांची महिन्याची वजनं चालू होती. नऊ मुलांची झाली होती, दहावं काट्यावर उभं होतं. तू त्याचा आकडा लिहिलास, पुढच्या रकान्यात शेरा लिहायला घेतलास आणि पेन हातातून सुटलं. तुझ्या मदतनीस यमुनाबाई रस्त्यावर धावल्या आणि रिक्षा घेऊन आल्या. बोईसरच्या रुग्णालयात डॉक्टरांनी तपासलं आणि वेळ लिहिली. वर दिलेली वेळ त्यांची आहे.

त्या संध्याकाळी आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कवरच्या सहकाऱ्याने मला विचारलं, निधनवार्ता तुम्ही लिहिता की मी लिहू. मी त्याला लिहायला सांगितलं. तुझं वय, पश्चात कोण, अंत्यसंस्कार कुठे झाले, सगळं त्याने बरोबर लिहिलं. तीन ओळी, एकही चूक नाही. दहाव्या मुलाचा अर्धा राहिलेला शेरा त्यात येणं शक्य नव्हतं. माझ्याजवळ सांगायला आहे ते त्या अर्ध्या शेऱ्यापासून सुरू होतं.

अंगणवाडीच्या वजनाच्या नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. त्यात ‘आजारी’, ‘गावी गेला’, ‘आईने आणले नाही’ असं लिहायचं असतं. तूही लिहायचीस. पण मूल हजर असलं आणि ठणठणीत असलं की तो रकाना रिकामा राहायचा, आणि रिकामा रकाना तुला बघवायचा नाही. मग तू तिथे त्या महिन्यात त्या मुलाच्या तोंडून ऐकलेला एखादा शब्द लिहायचीस. मूल जसं बोललं, तसाच. अकरा किलो दोनशे, पच्चल. बारा किलो, लिक्शा. साडेतेरा किलो, पंकनी.

पंकनी हा शब्द सरावलीत दरवर्षी कोणी ना कोणी नव्याने शोधून काढतं. बाप तीन पाळ्यांत कारखान्यात जातो, घरात दिवसभर कंपनीचंच बोलणं असतं, त्यामुळे मुलाच्या पहिल्या पन्नास शब्दांत कंपनी येतेच आणि तिच्यातली अक्षरं जागा बदलतातच. ‘बाबा पंकनीत गेले.’ एका वर्षी हे वाक्य तुला पाच मुलांनी ऐकवलं होतं. पाचव्यांदाही तू हातातलं काम थांबवून पूर्ण ऐकलंस, असं यमुनाबाई सांगतात.

तुझे नियम कडक होते. मुलाचा शब्द मुलाला परत म्हणून दाखवायचा नाही. एका मुलीने वाटी पुढे करून ‘चिखडी’ मागितली, आणि यमुनाबाई डाव उचलून म्हणाल्या, घे चिखडी, तेव्हा तू त्यांना बाजूला घेऊन सांगितलंस की मुलाशी बोलताना खिचडीच म्हणायचं. मूल आपल्याकडे बघून शिकतं, आपण त्याच्याकडे बघून शिकायचं नाही. चिखडी वहीत. दुसरा नियम, मुलासमोर हसायचं नाही. हसणं साडेबारानंतर. मुलं गेली, भांडी घासायला घेतली की तू एकेक शब्द काढायचीस आणि तुम्ही दोघी इतक्या मोठ्याने हसायचात की समोरचा पीठगिरणीवाला गिरणी बंद करून विचारायचा, आज काय निघालं.

एकदा तपासणीला आलेल्या पर्यवेक्षिकांनी वहीवर बोट ठेवून विचारलं की हे काय आहे. तू आपल्या घरच्या बोलीत उत्तर दिलंस.

“मॅडम, वजन वाडतं ते ह्या रकान्यात, जीब वाडते ती त्या रकान्यात.”

त्यांनी सही केली. पुढे वजनं मोबाइलवर भरायची पद्धत आली आणि कागदी वही कोणी मागेना. तू ती तरीही आखत राहिलीस, कारण मोबाइलमध्ये शेऱ्याला तेवढी जागा नव्हती.

मूल पहिलीत जाण्याआधी, जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीच्या दिवसांत, तू त्याचं पान तयार करायचीस. तीन वर्षांच्या शेऱ्यांतून त्याचे शब्द एका आखीव कागदावर उतरवायचीस. समोर खरा शब्द लिहायचा नाही. ज्याचं मूल आहे त्याला कळतं, असं तुझं म्हणणं. खाली दोन जागा. एक आईची, एक वडिलांची. दोन्हीच्या वर एकच शब्द, ‘ऐकले’. पान हातात देण्याआधी तू ते मोठ्याने वाचायचीस, समोरच्याने बसून ऐकायचं, मग सही करायची किंवा अंगठा उठवायचा, मग पान न्यायचं. फोनवर नाही. शेजारणीच्या हाती नाही. आई आणि बाप, दोघांनी.

बापांची अडचण असायची. कोणाची पहिली पाळी, कोणाची दुसरी, कोणी रविवारीही ओव्हरटाइमला. मग तू दुपारी नाक्यावर कंपनीची बस थांबते तिथे जाऊन उभी राहायचीस. बस यायची, माणसं डबे घेऊन उतरायची आणि त्यांतल्या एकाला तू नावाने हाक मारून थांबवायचीस. एक रसायनाच्या कारखान्यातला ऑपरेटर, सहा फुटांचा माणूस, हेल्मेट काखेत धरून रस्त्याच्या कडेला उभा आहे आणि तू त्याला त्याच्या मुलीचे अठरा शब्द वाचून दाखवते आहेस, हे मी स्वतः पाहिलं आहे. मी पालघरहून मोटारसायकलने परत येत होतो. थांबलो. त्याच्याबरोबर उतरलेले सहा-सात जणही थांबले होते. एक जण त्याला म्हणाला, “क्या रे, तेरी बेटी तो तेरे से अच्छा बोलती है.” सगळे हसले. तो हसला नाही. त्याने सही केली, कागदाची घडी घालून डब्याच्या पिशवीत न ठेवता खिशात ठेवली.

सरावलीतल्या प्रत्येक बापाला तू असं गाठलंस. मला गाठलं नाहीस.

माझी ओवी दोन वर्षांची असल्यापासून तुझ्याकडे होती. तिची आई पालघरला कार्यालयात, मी डेस्कवर. सकाळी दहाला मी तिला तुझ्या दारात सोडायचो आणि संध्याकाळी तिची आई न्यायची. मी घरी पोचायचो तेव्हा ती झोपलेली असायची. तिने बोलायला सुरुवात केली ती तुझ्यासमोर. तिची जीभ वळली तीही तुझ्यासमोर. ती पहिलीत गेली त्या जूनमध्ये तिची आई येऊन पान ऐकून सही करून गेली. माझ्या जागेवर सही नव्हती, म्हणून पान तू ठेवून घेतलंस. मी म्हणालो, रविवारी येतो. त्या रविवारी निवडणुकीची बैठक होती. पुढच्या रविवारी काय होतं ते आठवत नाही. तू दर दिवाळीला एकदा आठवण करायचीस, “तुजं पान पडून हाय.” मी म्हणायचो, येतो. तू म्हणायचीस, “मी आनून देनार नाय. तू यायचं.” सात वर्षं झाली. ओवी आता बारा वर्षांची आहे. ती लहानपणी काय बोलायची असं कोणी मला विचारलं तर माझ्याकडे एकही नोंद नाही. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घरी काय घडलं ते लिहितो आहे.

आपलं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवरून चालू होतं आणि ते संपलेलं नाही.

बालदिनाच्या पानासाठी मीच तुझ्याकडे दहा शब्द मागितले होते. तू सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलेस. पान सोडायची घाई होती, मजकूर माझ्या हाताखालून गेला आणि हाताने त्याचं नेहमीचं काम केलं. सकाळी चौकट छापून आली ती अशी: चप्पल, रिक्षा, कंपनी, खिचडी, हेलिकॉप्टर आणि असेच पुढे. वर मथळा, ‘चिमुकल्यांचे बोबडे बोल’. दहाही शब्द निर्दोष. आठ वाजता तुझा फोन आला.

“अरे, हे तर मोट्या मानसांचे शब्द हायेत. माजी पोरं कुटं गेली?”

मी माफी मागितली, तू हसलीस, गिरणीवाल्यानेही ते कात्रण भिंतीला लावलं म्हणे. तो विषय तिथे मिटला असता. पण तुझ्या दहांपैकी तीन शब्दांच्या खाली तू बारीक ‘घ’ लिहिला होतास. नाय, हाय आणि आमी. मी विचारलं, हे बोबडे कसे. तू म्हणालीस, बोबडे नाहीतच, हे घरचे. बोबडा शब्द आपोआप जातो, त्याला जाऊ द्यायचं. घरचा शब्द जाऊ द्यायचा नाही, म्हणून त्याच्या खाली खूण. मी म्हणालो, शाळेत मुलाला हसतील. तू म्हणालीस, हसू देत, शाळेचं शाळेत शिकेल. मी म्हणालो, तू मुलांचं नुकसान करते आहेस. तेव्हा तू विचारलंस, तुला आईचं पाणी आठवतं का.

आठवतं. आपल्या किनाऱ्यावरच्या घरी माझे तेव्हाचे संपादक आले होते. आई वाडीतून आली, पदराला हात पुसत म्हणाली, बसा साहेब, पानी आनते. मी लगेच म्हणालो, आई पाणी आणते म्हणते आहे. आईने पाणी आणलं, साहेब असेपर्यंत ती पुढे एक शब्द बोलली नाही. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. साहेब गेल्यावर तू मला एवढंच म्हणालीस, “साहेबाला समजलं होतं रे.”

त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आई गेली तेव्हाही नाही, बालदिनाच्या त्या फोनवरही नाही. विषय बदलला. विषय बदलता येतो, हे मी या धंद्यात शिकलो.

तुझ्या तेराव्याच्या दिवशी यमुनाबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. या वर्षी चौदा पोरं पहिलीत जातात, म्हणाल्या. ताईने प्रत्येकाच्या आईला सांगून ठेवलंय, पान मिळेल. आया विचारतात. वह्या तर गेल्या.

वह्या खरंच गेल्या होत्या. तू गेल्यावर कपाटाची चावी पर्यवेक्षिकांकडे गेली, आणि त्यांनी नियमाप्रमाणे सगळे कागद पालघरच्या प्रकल्प कार्यालयात नेले. शाळा उघडायला पाच आठवडे होते. मी त्या दिवशी ठरवलं की चौदा पानं होतील, तुझ्या पद्धतीने होतील आणि शाळेच्या आधी होतील. घरी तसं सांगितलं. कार्यालयात रजेचा अर्ज दिला. रजेचं कारण ‘कौटुंबिक काम’ असं लिहिलं.

पालघरला पर्यवेक्षिकांनी माझं सगळं ऐकून घेतलं. त्याच त्या, ज्यांनी एकदा तुझ्या वहीवर बोट ठेवलं होतं. वही बाहेर देता येणार नाही, म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढे सांगितलं, “कागद सरकारी आहे, भाऊ. शब्द तुमच्या ताईंचे आहेत. इथे बसून उतरवून घ्या.” त्यांनी मला व्हरांड्यात एक टेबल दिलं. तीन दिवस मी तिथे बसलो. तीन वर्षांच्या वह्या, महिन्याला एक पान, त्यातून चौदा नावं शोधायची आणि समोरचा शेरा उतरवायचा. तुझं अक्षर शेवटपर्यंत सरळ आहे. शेवटच्या पानावरही नवव्या ओळीपर्यंत ते हललेलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कागद घेऊन सरावलीला गेलो. पहिलं पान स्वराचं होतं, त्या ऑपरेटरच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबातली मुलगी. यमुनाबाईंना म्हटलं, वाचून दाखवतो, चुकलं तर सांगा. पाच ओळी वाचल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला.

“भाऊ, ही स्वरा नाय बोलत. हा तर मास्तर बोलतो.”

मी कागद बघितला. पाचांपैकी तीन शब्द मी शुद्ध करून उतरवले होते. वहीत काय होतं ते समोर दिसत असताना. चौदाच्या चौदा पानं तपासली तेव्हा सहा पानांवर हाच प्रकार निघाला. मला ते लिहिताना जाणवलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा पालघरला गेलो, तेच टेबल मागितलं आणि सहाही पानं नव्याने लिहिली, एकेक अक्षर बोट ठेवून. पर्यवेक्षिकांनी विचारलं, काही राहिलं होतं का. मी सांगितलं, राहिलं नव्हतं, सुधारलं होतं. त्यांनी मान हलवली आणि चहा पाठवला.

त्यानंतर आमची पद्धत ठरली. कागद माझ्या हातात, आवाज यमुनाबाईंचा. मी शब्दावर बोट ठेवायचं, त्यांनी तो त्या मुलाचा होऊन बोलायचा. तू वाचायचीस तसं मला कधीच जमलं नसतं. त्यांना जमतं, कारण त्या भांडी घासताना ते सगळे शब्द तुझ्याबरोबर बोललेल्या आहेत. आई ऐकायची, आईच्या मागे मूल उभं असायचं आणि ऐकता ऐकता आईला विचारायचं, हे कोण असं बोलतं. सगळ्याच घरी मुलांनी हेच विचारलं. एकालाही ओळख पटली नाही. स्वराच्या आईने तिला सांगितलं, तूच गं बाई, तर ती रागावून आत निघून गेली आणि आतून ओरडली, मी कंपनी म्हणते.

बापांसाठी मी नाक्यावर उभा राहिलो. पहिल्या दिवशी बस आली, माणसं उतरली आणि मला नावं घेऊन हाक मारता आली नाही, कारण मी त्यांना ओळखत नव्हतो. यमुनाबाईंनी मारली. दुसऱ्या आठवड्यापर्यंत उतरणारेच थांबून विचारू लागले, आज किसका है. दोन घरी वडिलांच्या जागी आजीने सही केली, एका घरी मामाने. तू या बाबतीत काय करायचीस ते यमुनाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जो मुलाला उचलून घेतो तो बाप. तसं केलं.

दोन आठवड्यांत बारा पानं झाली. दोन राहिली.

एक गोलूचं. काट्यावर उभा होता तो दहावा मुलगा गोलू. त्याचा बाप ठेकेदाराकडे होता. ठेका संपला आणि तुला रुग्णालयात नेलं त्याच दुपारी ते खोली सोडून वापीला गेले. शेजाऱ्यांकडून पत्ता काढायला चार दिवस लागले. रविवारी यमुनाबाई आणि मी बोईसरहून गाडीने वापीला गेलो. औद्योगिक वसाहतीच्या मागे, पत्र्याच्या खोल्यांची रांग. गोलूच्या आईने आधी दार अर्धंच उघडलं. यमुनाबाईंना पाहिलं तेव्हा पूर्ण उघडलं आणि विचारलं, ताई? आम्ही सांगितलं. ते लोक निघाले तेव्हा तू दवाखान्यातून बरी होऊन येशील अशीच तिची समजूत होती. ती खाली बसली. मग तिने चहा ठेवला आणि म्हणाली, वाचा.

गोलूच्या पानावर सोळा शब्द होते आणि शेवटची ओळ, ‘साक’. तेवढंच. वहीत ‘साक’च्या पुढे पेनाची एक रेघ खाली गेलेली आहे. यमुनाबाई सोळाही शब्द बोलल्या, मग ‘साक’ म्हणून थांबल्या. आई म्हणाली, “आगे?”

मी सांगितलं की ताईंनी इतकंच लिहिलं. तिने गोलूला हाक मारली. तो बाहेर खेळत होता. ती त्याला म्हणाली, बोल तो, साइकिल बोल. तो म्हणाला, “साइकिल.” स्वच्छ, चारही अक्षरं जागच्या जागी. ती म्हणाली, “अब तो साफ बोलता है. पहले क्या बोलता था, मेरे को भी याद नहीं आ रहा.” यमुनाबाईंनाही नक्की सांगता येईना. साकिल असेल, साकली असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळ पूर्ण करणं सोपं होतं, जागाही होती. पण दुजोरा नव्हता. मी ती ‘साक’ अशीच ठेवली. आईने सही केली. बाप संध्याकाळी पाचला आला, त्याला पुन्हा पहिल्यापासून ऐकवलं, त्याने सही केली. आम्ही सातच्या गाडीने परत आलो.

दुसरं पान सविताचं. सरावलीच्या मागच्या पाड्यावर तिची आजी असते. आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पेरणीच्या आधी परत येतात, कारण उतारावर त्यांचा भाताचा एक तुकडा आहे. आजीने निरोप दिला होता, आली की सांगते. शुक्रवारी सकाळी यमुनाबाईंचा फोन आला, आली. सोमवारी शाळा उघडणार होती. आम्ही दहा वाजता पाड्यावर पोचलो. बाप बी निवडत बसला होता.

सविताच्या पानावर नऊ शब्द आहेत आणि त्यांतल्या सहांखाली ‘घ’. यमुनाबाई बोलत गेल्या आणि बाप हसायला लागला. म्हणाला, हे तर आमीच बोलतो. मग त्याने कागद हातात घेतला, ती खूण पाहिली आणि हसणं थांबवून मला विचारलं,

“हे काय हाय भाऊ? चूक का?”

ताई, या प्रश्नाचं उत्तर तू मला अनेकदा दिलं होतंस आणि मी प्रत्येक वेळी त्याच्याशी भांडलो होतो. मी त्याला सांगितलं की चूक नाही. ‘घ’ म्हणजे घरचा. बाकीचे तीन शब्द जातील, हे सहा ठेवायचे. शाळेत सविता शाळेसारखं बोलायला शिकेल. घरी आल्यावर तिला या शब्दांत बोलू द्यायचं. तो म्हणाला, मास्तर मारतील. मी म्हणालो, मारणार नाहीत, आणि कोणी हसलं तर मला सांगा, मी शाळेत येतो. माझा नंबर त्याला लिहून दिला. सविताच्या आईने विचारलं, तुमी कुटले. मी गावाचं नाव सांगितलं. मग मी म्हणालो, “आमी पन तसंच बोलतो.” यमुनाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. पंचवीस वर्षांनी हे वाक्य माझ्या तोंडून असं आलं होतं आणि ते नीट आलं की नाही याची मला खात्री नाही. सविताच्या आईला समजलं.

दोघांनी अंगठे उठवले. चौदा पानं, अठ्ठावीस खुणा.

पाड्यावरून उतरताना मी यमुनाबाईंना विचारलं की ओवीचं पान कुठे असेल, वह्यांमध्ये तर नव्हतं. त्या चालत राहिल्या. खाली रस्त्याला लागल्यावर म्हणाल्या, “माज्याकडं हाय.” तुझ्या पिशवीत होतं, प्लॅस्टिकच्या पाकिटात. तू त्यांना सांगून ठेवलं होतंस की तो मागेल तेव्हा द्यायचं. मी म्हणालो, सात आठवडे तुम्ही बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “तुमी सात आटवडे मागितलंत का? आनि आधी पोरांचं.”

शनिवारी मी ओवीला घेऊन अंगणवाडीत गेलो. नवी सेविका अजून आलेली नाही. यमुनाबाईंनी सतरंजी घातली, मला जिथे आया बसतात तिथे बसवलं आणि पान माझ्या हातात न देता ओवीला दिलं. मी नाय बोलनार, म्हणाल्या, हिचे शब्द हिला बोलू दे. ओवीला आधी लाज वाटली. पहिले चार शब्द ती पुटपुटली. पाचव्याला हसली. मग आवाज मोठा केला. गिरणी बंद झाली. पानावर बावीस शब्द आहेत. त्यांतल्या तीन शब्दांखाली ‘घ’ आहे, म्हणजे ते ती तुझ्याकडून शिकली होती आणि आमच्या घरी ते गेले. ओवीने विचारलं, हे मी परत बोलू का. मी हो म्हणालो.

बावीस शब्द वाचायला चार मिनिटं लागली. पानाच्या खाली दोन जागा आहेत. आईच्या जागी सात वर्षांपूर्वीची सही आहे. वडिलांच्या जागी तुझ्या अक्षरात ‘ऐकले’ असं लिहिलेलं आहे, शाई थोडी फिकी झाली आहे. त्याखाली मी शनिवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सही केली.